बेअरिंग बदललं की गाणं बदलतं?

२०२० साली स्कॉटलंडमधल्या लिन या कंपनीनं एक बेअरिंग विकायला काढलं. नाव ‘कॅरोसेल’. मुठीत मावेल असं धातूचं नळकांडं आणि त्यात फिरणारा दांडा, एवढाच ऐवज. ते बसवायचं कंपनीच्याच एलपी-१२ या टर्नटेबलमध्ये. हे टर्नटेबल १९७३पासून बनतंय आणि अगदी जुन्या मशीनलाही हा नवा भाग बसतो. चार वर्षांपूर्वीच्या फोनला बॅटरी मिळताना आपली काय दमछाक होते ते आठवा, म्हणजे ही गोष्ट किती विलक्षण आहे ते कळेल.

पण प्रश्न वेगळाच आहे. तळाशी लपलेला, स्वतः काहीही न वाजवणारा हा भाग बदलला, तर गाणं खरंच चांगलं ऐकू येतं का?

माझ्याकडे एलपी-१२ नाही. ते माझ्या खिशाच्या पलीकडचं आहे. पण या बेअरिंगवरून पन्नास वर्षं चाललेला वाद मी हौसेनं वाचत आलोय, कारण त्यात उत्तम लेथकाम आहे, धंदा आहे, आणि ‘आमच्या कानांना ऐकू येतं’ म्हणणाऱ्यांची श्रद्धाही आहे.

आधी मशीन समजून घेऊ. आजीच्या घरचं जातं पाहिलं असेल, तर टर्नटेबल तुम्हाला निम्मं कळलंच. खालची तळी स्थिर, मधे खुंटा, वरची तळी त्याभोवती फिरते. खुंटा झिजला की वरची तळी हेलकावते आणि पीठ कुठे जाड, कुठे बारीक पडतं. टर्नटेबलची थाळी अशीच एका आसावर फिरते. तो आस ज्या खोबणीत फिरतो, ते बेअरिंग. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. वीस मिनिटांच्या एका बाजूला साधारण ६६७ फेरे. वेग अगदी संथ. मग अडचण कसली?

अडचण सुईची. खाचेतली बारीक वळणं मायक्रॉनच्या हिशेबात मोजायची असतात आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. सुईला फक्त एवढंच कळतं की खाच आपल्या तुलनेत हलली. ती गायकाच्या आवाजानं हलली की खालचा आस खडखडल्यानं, हे तिला कळत नाही. ती दोन्ही वाजवते. आसाची ही खालच्या पट्टीतली घरघर म्हणजे ‘रंबल’.

आता इतिहासातला एक तपशील, जो मला सगळ्यात आवडतो. इंग्लंडमधल्या स्विंडन गावी गॅरार्ड कंपनीनं १९५४ साली ‘३०१’ हे मॉडेल काढलं. भक्कम, जड, रबरी चाकानं थाळी फिरवणारं. त्या काळी रेकॉर्डी मोनो होत्या. मोनोची खाच फक्त डावी-उजवीकडे वळते, त्यामुळे थाळी वर-खाली जरा थरथरली तरी मोनो पद्धतीनं वाचताना त्यातलं फारसं काही ऐकू येत नसे. १९५८मध्ये स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या. त्यांच्या खाचेच्या दोन भिंती दोन वेगळे आवाज सांभाळतात आणि सुई वर-खालीही हलते. आसाच्या बुडाशी होणारी जी थरथर तोवर लपून राहिली होती, ती स्पीकरमधून बाहेर आली. बेअरिंगचा प्रश्न म्हणजे कोणाच्या तरी सूक्ष्म कानांची कल्पना नव्हती. नव्या तंत्रानं तो टेबलावर आणून ठेवला होता.

त्याच ३०१चे पुढे दोन प्रकार झाले, सुरुवातीचे ग्रीसचं बेअरिंग असलेले आणि नंतरचे तेलाचं बेअरिंग असलेले. आजही जुन्या मशीनचे शौकीन ‘ग्रीसवालं गोड की तेलवालं’ यावर तावातावानं भांडतात. आपल्याकडे घराण्यांवरून भांडतात, तसं.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१मध्ये वेगळा मार्ग काढला. मोटर एका बाजूला, थाळी आणि टोनआर्म मिळून स्प्रिंगांवर टांगलेल्या एका चौकटीवर, आणि दोहोंमध्ये फक्त रबरी पट्टा. मोटरची थरथर पट्ट्यातच विरावी ही कल्पना. मोटर आणि जमीन अशी दूर गेल्यावर सुईच्या सगळ्यात जवळ फिरणारी वस्तू उरली एकच, बेअरिंग.

एलपी-१२ याच वंशातलं. ग्लासगोच्या कॅसलमिल्क भागात आयव्हर टीफेनब्रन यांच्या वडिलांचा अचूक यंत्रभाग बनवणारा कारखाना होता. हायफायच्या शोरूमशी त्याचा संबंध नव्हता, तिथलं काम मायक्रॉनचं. एलपी-१२च्या आधी जवळपास तसंच दिसणारं ॲरिस्टन आरडी-११ बाजारात होतं आणि त्याचे भाग याच कारखान्यातून जात. मूळ रचना कोणाची यावरून पुढे वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं. भांडण कशावरून? मुख्यतः बेअरिंगच्या पेटंटवरून. त्या बेअरिंगात आसाच्या बुडाशी छर्रा नव्हता. आसालाच घासून टोक काढलं होतं आणि ते टोक तेलात बुडालेल्या कठीण चकतीवर फिरत होतं.

भोवऱ्याची आर आठवा. बोथट आरीचा भोवरा गुरगुरतो, अणकुचीदार आरीचा ‘झोपतो’. टेकण्याची जागा जितकी लहान, तितकं घर्षण कमी आणि खडखडही कमी. ग्लासगोच्या लेथवर हेच घडत होतं, फक्त फार जास्त अचूकतेनं.

टीफेनब्रन यांचा खरा हल्ला मात्र समजुतीवर होता. तेव्हा दुकानदार सांगत, पैसे स्पीकरवर घाला, टर्नटेबल काय, नुसतं फिरतं. ते म्हणाले, उलट. सुईनं जे उचललंच नाही, ते पुढचा कुठलाही ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. हे तर्काला धरून आहे आणि मला पटतं. शिवाय त्यांनी ऐकून पारखायची एक पद्धत रूढ केली, दोन मशीनांपैकी कशावर चाल मनातल्या मनात गुणगुणणं सोपं जातं ते बघा. गाण्याची आवड असलेल्या माणसाला ही पद्धत लगेच भावते. आपण तंबोऱ्याचा षड्ज लावून बघावं, तसंच हे.

पण इथूनच वाट निसरडी होते. गुणगुणणं सोपं गेलं की नाही हे मोजायचं कसं? आणि कोणतं मशीन वाजतंय हे आधीच माहीत असेल तर?

१९८४ साली कॅनडातले प्राध्यापक स्टॅनली लिपशिट्झ आणि टीफेनब्रन यांच्यात एक चाचणी झाली. विषय बेअरिंगचा नव्हता, डिजिटलचा होता. आवाज कधी सरळ ऐकवायचा, कधी मधे सोनीचं डिजिटल यंत्र घालून, आणि कोणता कुठला ते ओळखायचं. डिजिटलचे कट्टर विरोधक असलेल्या टीफेनब्रन यांना ते भरवशानं ओळखता आलं नाही. यावरून त्यांचे कान वाईट होते असं मी म्हणणार नाही. नाव झाकल्यावर कानांची खात्री किती पातळ होते, ते यातून दिसलं. पुढे लिननं सीडी प्लेयरही बनवले, २००९मध्ये ते बंदही केले. एलपी-१२ चालूच राहिलं.

१९९३ साली त्याला ‘सर्कस’ नावाचा मोठा बदल मिळाला. नवं, जाडजूड बेअरिंग. कितीतरी लोकांना आवाज स्वच्छ, आवळलेला वाटला. काहींना वाटलं, जुना उबदार खर्ज गेला. दोन्ही बाजू प्रामाणिक असाव्यात. पण त्या पेटीत काय काय होतं ते पाहा. बेअरिंगबरोबर आतली थाळी नवी, खालची चौकट सुधारलेली, स्प्रिंगा आणि पट्टा नवा. वर, बसवताना कारागीर सगळं मशीन उघडून स्वच्छ करणार, ताजं तेल घालणार, स्प्रिंगांचा तोल नव्यानं साधणार. मग आवाज बदलला तो नेमका कशानं? आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम घालून ‘मिठानं चव आली’ म्हणण्यासारखं आहे हे.

माझ्या जुन्या, भारतीय बनावटीच्या टर्नटेबलवर मी एवढंच केलं होतं. आस बाहेर काढला, वाळून चिकट झालेलं तेल पुसलं, नवं घातलं. आधी दोन गाण्यांमधल्या शांत जागेत स्पष्ट घरघर यायची. नंतर रेकॉर्डचीच चरचर तेवढी उरली. फरक मानायला मला कसल्याही श्रद्धेची गरज पडली नाही, शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, “बंद पडलं का?”

म्हणून माझं मत असं. बेअरिंग झिजलेलं, कोरडं, ढिलं असेल, तर दुरुस्तीनं आवाज नक्की सुधारतो. चांगल्याचं आणखी चांगलं केलं तर सुधारणेला एक तळ लागतो आणि तो तळ तुमच्या घरात नसतो. रेकॉर्ड ज्या लेथवर पहिल्यांदा कोरली गेली, त्या लेथलाही थाळी होती आणि थाळीखाली बेअरिंग होतं. त्याची जी काही थरथर होती, ती गाण्याबरोबर खाचेतच कोरली गेली. घरचं बेअरिंग कितीही शांत करा, ती वाजणारच. त्यात व्हिनाइलची स्वतःची खसखस. घरची घरघर या दोहोंच्या पुरेशी खाली गेली, की पुढच्या खर्चातून कानाला काय मिळालं हे सांगायला मशीन झाकूनच ऐकावं लागेल. अशी चाचणी, बाकी सगळं तेच ठेवून, फक्त बेअरिंग बदलून, करणं जिकिरीचं आहे. दोन मशीनं लागतात, सारख्याच सुया लागतात. आणि विकणाऱ्याला ती करायची घाई कशाला असेल?

२०२३मध्ये एलपी-१२ला पन्नास वर्षं झाली. आयफोनचं रूप घडवणारे जॉनी आइव्ह यांच्या संस्थेबरोबर लिननं खास आवृत्ती काढली, फक्त २५० नग. बाहेरून बारीकसे बदल, आत कॅरोसेल.

आणि कॅरोसेल बसवल्यावर निघालेलं सर्कसचं बेअरिंग? ते सहसा भंगारात जात नाही. १९९३च्या आधीचं मशीन असलेला कोणीतरी ते सेकंडहँड घेतो. त्याच्या मशीनमधून निघालेलं आणखी जुनं बेअरिंगही पडून राहत नाही. त्या उबदार खर्जाच्या शोधात असलेला एखादा ते घेऊन जातो.