हारात न आलेली फुलं

माघ सरत आला की कोल्हापुरातल्या बागांमध्ये एक गंमत पाहायला मिळते. विलायतेत वसंत-ग्रीष्मात बहरणारी पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी ही फुलं आपल्याकडे वसंताची चाहूल लागताच माना टाकतात. आपले माळी त्यांना सरसकट 'हंगामी' म्हणतात.

यातली काही मंडळी मुळात इंग्रजही नाहीत. स्वीट पी सिसिली बेटावरची. तिथल्या फ्रान्चेस्को कुपानी या धर्मोपदेशकानं १६९९ मध्ये तिचं बी इंग्लंडला धाडलं. फ्लॉक्स टेक्सासचा. थॉमस ड्रमंडनं १८३५ मध्ये त्याचं बी ब्रिटनला पाठवलं आणि त्याच वर्षी तो क्यूबात वारला. विलायती वाफ्यात फुललेला फ्लॉक्स काही त्याच्या नशिबी नव्हता.

पुढे साहेबाबरोबर ही बियाणी हिंदुस्थानात आली. पुण्यात १८३० मध्ये बागकामासाठी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी निघाली. एम्प्रेस गार्डन तिच्याचकडे आहे. कोल्हापुरात मेजर मँटच्या आराखड्याचा टाउन हॉल १८७६ मध्ये उभा राहिला. इमारतीपुढे रंगांचे पट्टे आखावेत, फुलं तोडू नयेत, नुसती पाहावीत, ही कल्पनाच आपल्याला नवी होती. आपल्या परसातली जाई, तगर, कण्हेर पहाटे परडीत जायची नाहीतर वेणीत.

साहेबाचं वेळापत्रक मात्र इथं उपयोगाचं नव्हतं. तिकडे बर्फ सरल्यावर पेरायचं, इकडे पाऊस ओसरल्यावर. त्यातून कोल्हापूरचा पाऊस लांबला की कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून गादीवाफा उंच हवा. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत झाडं अंग धरतात. फेब्रुवारीअखेर पारा पस्तिशीकडे निघाला की संपलं. सुकलेलं फूल रोज खुडलं तर बहर पंधरवडाभर लांबतो, कारण बी धरलं की झाड आवरतं घेतं.

आता पाहा, परदेशी तर झेंडूही आहे, मेक्सिकोचा. शेवंती चीनची. अ‍ॅस्टरही चीनचाच, अठराव्या शतकात पॅरिसमार्गे जगभर गेलेला. तरी दसऱ्याचं तोरण झेंडूवाचून होत नाही, आणि देवळापुढच्या फुलवाल्यांकडे अ‍ॅस्टरचे हार असतात. मग पॅन्सीनंच काय घोडं मारलं? माझ्या मते कारण साधं आहे. हाराचं फूल सुईदोरा सोसणारं, दिवसभर टवटवीत राहणारं लागतं. पॅन्सीच्या पाकळ्या नाजूक, पेटुनिया तोडताच मलूल. स्वीट पीला सुगंध आहे, पण ओवणार कसा? अशी फुलं मग बंगल्यांच्या वाफ्यांत आणि गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनात राहिली. मराठी नावही त्यांना मिळालं नाही.

फ्लॉक्सचं बी मात्र घरी धरता येतं. बोंडं उन्हात तडकून बी दूर उडतं, तेव्हा ती थोडी पिवळी पडताच खुडावीत आणि कागदी पिशवीत तोंड बांधून ठेवावीत. सावलीत वाळताना पिशवीतून टिकटिक ऐकू येते.