बरा झालेला मनोरुग्ण घरी का जात नाही?

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. थट्टेत ही नावं सर्रास घेतली जातात आणि तिथून बरा होऊन आलेल्या माणसाला तीच थट्टा नडते.

१९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना द्यायला सुरुवात केली. तोवर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला भिंतींआड ठेवण्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. अशा औषधांनी भास आणि संशय आटोक्यात येऊ लागले, घरी राहून उपचार घेणं शक्य झालं. निदान कागदावर तरी. कारण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीत, दाखल असलेल्यांपैकी ३६.२५ टक्के लोक वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच असल्याचं दिसलं. कुणाचा पत्ता सापडत नाही, कुणाचे नातेवाईक न्यायलाच येत नाहीत.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नुसार, केवळ कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही म्हणून कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. घरचे सोडून देतात तेव्हा सरकारने कायदेशीर मदत द्यायची आणि घरी राहण्याचा हक्क मिळवून द्यायचा.

घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवल्या, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. शंका असल्यास १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. घरच्यांनाही.