रोटाव्हेटर घ्यायचाय? रंग आणि डिस्काउंट बघण्याआधी या गोष्टी तपासा

पाऊस पडून वाफसा आला की पेरणीसाठी मोजकेच दिवस हातात असतात. नेमक्या त्याच वेळी रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स गळायला लागला किंवा साइडचं बेअरिंग गेलं, तर सगळं गणित कोलमडतं. भाड्याने ट्रॅक्टर बोलवावा, तर त्या आठवड्यात तो सगळ्या गावालाच हवा असतो.

लाखाच्या आसपास किंमत असलेलं हे अवजार अनेकजण कर्ज काढून घेतात. दुकानात मात्र चर्चा होते ती रंगाची आणि किती कमी करणार याची. रोटाव्हेटर पाच-सात वर्षं टिकणार की दुसऱ्याच हंगामात गॅरेजला जाणार, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं.

रोटाव्हेटर चालतो कसा?

नांगर ट्रॅक्टर फक्त ओढतो. रोटाव्हेटरला मात्र तो फिरवतो. ट्रॅक्टरच्या मागे असलेला पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. गिअरबॉक्स हा वेग कमी करतो आणि पाती बसवलेला रोटर साधारण २०० फेऱ्यांनी फिरतो.

आता हिशोब बघा. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला, तर मिनिटाला ५० मीटर पुढे जातो. म्हणजे रोटरच्या एका फेऱ्यात २५ सेंटीमीटर. फ्लँजवर एका बाजूला तीन पाती असतील, तर प्रत्येक पातं सुमारे ८ सेंटीमीटरचा मातीचा काप घेतं. ट्रॅक्टर हळू चालवला की माती बारीक होते, पण डिझेल आणि पात्यांची झीज दोन्ही वाढतं.

किती फुटी घ्यायचा?

शेजाऱ्याने सहा फुटी घेतला म्हणून आपणही सहा फुटी, इथे पहिली चूक होते. इंजिनची सगळी ताकद पीटीओपर्यंत पोहोचत नाही. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण ३८ ते ४० एचपीच मिळते. म्हणून ट्रॅक्टर घेताना सांगितलेला आकडा नाही, तर पुस्तिकेतला पीटीओ एचपी बघावा.

ढोबळ मानाने ४० ते ४५ एचपीला पाच फुटी, ४५ ते ५० एचपीला सहा फुटी आणि ५५ एचपीच्या पुढे सात फुटी रोटाव्हेटर चालतो. काळी, चिकट जमीन असेल तर एक आकार कमी घेतलेला बरा.

दुसरी बाजूही आहे. रोटाव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडा झाकणारी हवी. नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो.

पाती कोणती?

एल आकाराची पाती आपल्याकडे सर्वाधिक दिसतात. कोरडवाहू जमीन, तण, धसकटं यासाठी ती चांगली. ओल्या आणि चिखलणीच्या कामासाठी सी किंवा जे आकाराची पाती वापरतात.

पातं बोरॉन स्टीलचं आहे का, हे विचारावं. ते बाहेरून कडक असतंच, पण दगड लागला की लगेच तुटत नाही. मुरमाड रानात याचा फरक लवकर कळतो. पाच फुटीला साधारण ३६ आणि सहा फुटीला ४२ पाती असतात. त्यामुळे पूर्ण संच बदलायला किती खर्च येतो, हे खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवावं.

बोल्टही बघावेत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. हा त्याच्या ताकदीचा दर्जा. साधा बोल्ट टाकला तर तो ढिला होतो आणि पात्यासोबत फ्लँजचं भोकही खराब करतो.

खरा खर्च कुठे दडलेला असतो?

गिअरबॉक्स आणि साइड ड्राइव्हमध्ये. साइडला चेन किंवा गिअर असतात. चेनची किंमत कमी, पण ती ताणते आणि तुटते. जड जमीन आणि जास्त तास काम असेल, तर गिअर ड्राइव्ह परवडतो. मल्टिस्पीड गिअरबॉक्स असेल तर जमिनीनुसार रोटरचा वेग बदलता येतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रोटरच्या टोकाचे सील. उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा गवत रोटरला गुंडाळलं की ते सीलपर्यंत जातं. सील फाटला की ऑइल बाहेर आणि माती आत. मग बेअरिंग जायला वेळ लागत नाही. भातशेतीत किंवा उसाच्या पट्ट्यात रोटाव्हेटर चालवायचा असेल, तर पाणी आणि चिखल रोखणारे चांगले सील आहेत का, हे आधी विचारावं.

पीटीओ जोडणाऱ्या शाफ्टमध्ये शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच असतो. दगड अडकला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून त्या जागी कडक बोल्ट टाकला, तर पुढच्या वेळी गिअर तुटतो.

अनुदान हवं असेल तर

महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. निवड झाल्यावर पूर्वसंमती मिळते. त्याआधी घेतलेल्या रोटाव्हेटरला अनुदान मिळत नाही. निवडलेल्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवालही लागतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था अशा चाचण्या करते. अनुदान नको असलं तरी हा अहवाल मागून बघावा, कारण त्यात पात्यांची झीज किती झाली हेही नोंदवलेलं असतं.

शेतीच्या अवजारांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिलात तो तपासावा.

घेतल्यानंतर काय?

पहिल्या काही तासांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे बोल्ट बसताना सैल होतात. गिअरबॉक्सचं ऑइल नियमित बघावं. रोटाव्हेटर जमिनीत असताना वळू नये आणि ट्रॅक्टर मागे घेऊ नये.

अडकलेलं गवत काढायचं असेल तर आधी पीटीओ आणि इंजिन बंद करावं. फिरत्या शाफ्टमध्ये उपरणं, साडीचा पदर किंवा सैल सदरा अडकून माणसं दगावतात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकण्याची सवय म्हणूनच महागात पडते.

आणि एक गोष्ट. रोटाव्हेटर चार ते सहा इंचच खोल जातो. दरवर्षी फक्त तोच फिरवला तर त्याखाली कडक थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि मुळं खाली जात नाहीत. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट किंवा सबसॉयलर केला, तर जमीनही टिकते आणि रोटाव्हेटरवरचा ताणही कमी होतो.