तीन क्रमांकाची जर्सी : पाओलो मालदिनीची मिलानमधील पंचवीस वर्षे

एसी मिलान या विख्यात इटालियन क्लबच्या जर्सींच्या क्रमवारीत २ नंतर थेट ४ येतो आणि ५ नंतर ७. मधले दोन क्रमांक कोणालाही दिले जात नाहीत. ६ हा फ्रँको बारेसीचा. १९९७ साली त्याच्या निवृत्तीबरोबर तो क्लबने सन्मानपूर्वक निवृत्त केला. ३ हा पाओलो मालदिनीचा. २००९ पासून तो कोणाच्याही पाठीवर दिसलेला नाही. दोघेही बचावपटू आणि दोघांचीही व्यावसायिक कारकीर्द या एकाच क्लबमध्ये सुरू होऊन तेथेच संपली. गुलिट, व्हॅन बास्टन, शेवचेन्को, काका असे एकापेक्षा एक आघाडीवीर ज्या क्लबकडून खेळले, त्या क्लबने हा मान राखून ठेवला तो गोल अडविणाऱ्यांसाठी, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

पाओलोचा जन्म मिलान शहरातच २६ जून १९६८ रोजी झाला. वडील चेझारे मालदिनी हे त्याच क्लबचे बचावपटू आणि कर्णधार. १९६३ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर बेन्फिकाला २-१ असे नमवून मिलानने पहिला युरोपियन चषक जिंकला, तेव्हा तो उंचावणारे हात चेझारे यांचेच होते. अशा घरातील मुलाला संघाचे दार सहज उघडते आणि तितक्याच सहजपणे कुजबुजही सुरू होते. ती थांबविण्याचा एकच मार्ग असतो, आणि पाओलोने तो अगदी लहान वयात धरला. २० जानेवारी १९८५ रोजी उदिनेसे संघाविरुद्ध मध्यंतरानंतर जखमी बत्तिस्तिनीच्या जागी प्रशिक्षक निल्स लिडहोम यांनी या सोळा वर्षांच्या मुलाला मैदानात धाडले. त्या मोसमातील त्याचा हा एकमेव लीग सामना. पुढच्या मोसमापासून मात्र तो संघाचा नित्याचा सदस्य झाला.

त्या वेळचे मिलान म्हणजे आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येणारा वैभवशाली क्लब नव्हता. सामनेनिश्चितीच्या प्रकरणात १९८० साली क्लबची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली होती. तेथून वर येतो न येतो तोच १९८२ मध्ये, या वेळी खराब खेळामुळे, पुन्हा तीच नामुष्की ओढवली. १९८६ मध्ये सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी क्लब विकत घेतला आणि १९८७ मध्ये अरिगो साक्की प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा चित्र पालटले.

साक्की यांनी काय केले, हे समजल्याशिवाय मालदिनीचे मोठेपण समजत नाही. इटालियन बचावाची परंपरा अशी की, प्रत्येक बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या एका खेळाडूला चिकटून राहायचे आणि सर्वांच्या मागे एक मोकळा पहारेकरी ठेवायचा. साक्कींनी हा पहारेकरी काढून टाकला. चार बचावपटूंनी माणसाऐवजी जागा सांभाळायची, मध्यरेषेच्या दिशेने पुढे सरकत मैदान आखूड करायचे आणि प्रतिस्पर्धी आघाडीपटूला ऑफसाइडच्या सापळ्यात अडकवायचे, ही त्यांची रीत. उजवीकडे तासोत्ती, मध्ये बारेसी आणि कॉस्टाकुर्ता, डावीकडे मालदिनी. चौघांपैकी एक जरी पाऊलभर मागे राहिला, तरी सारा डाव उधळला जाई. चौघेही वर्षानुवर्षे एकत्र खेळत राहिल्यानेच हे यंत्र बिनचूक चालले. १९९३-९४ च्या मोसमात ३४ लीग सामन्यांत मिलानवर अवघे १५ गोल झाले. मिलानचे स्वतःचे गोलही केवळ ३६ होते. तरीही विजेतेपद त्यांचेच!

मालदिनी मुळात उजव्या पायाचा खेळाडू, पण त्याचे नाव झाले ते डाव्या बगलेवर. दोन्ही पाय सारख्याच सफाईने चालत असल्यामुळे समोरच्या खेळाडूला त्याची कमजोर बाजू सापडत नसे. घसरत जाऊन चेंडू हिसकावण्याची वेळ तो स्वतःवर क्वचितच येऊ देई. चेंडू कोठे पडणार याचा अंदाज घेऊन तो आधीच तेथे उभा असे. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे बचावपटूचेही काम चुकले तरच लक्षात येते. मालदिनीचे काम मात्र न चुकताही पाहावेसे वाटे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे वेगळेपण तेथेच आहे.

याचा उत्तम पुरावा म्हणजे १९९४ ची अथेन्समधील चॅम्पियन्स लीग अंतिम लढत. समोर योहान क्रॉयफ यांचे बार्सिलोना, आघाडीला रोमारिओ आणि स्तोइचकोव्ह. बंदीमुळे मिलानचे बारेसी आणि कॉस्टाकुर्ता दोघेही बाहेर. प्रशिक्षक फॅबिओ कॅपेलो यांनी मालदिनीला डाव्या बगलेवरून मध्यभागी आणले. निकाल : मिलान ४, बार्सिलोना ०. त्याच वर्षी ‘वर्ल्ड सॉकर’ या मासिकाने त्याची वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. तोवर हा बहुमान एकाही बचावपटूच्या वाट्याला आला नव्हता.

एकाच क्लबशी निष्ठा सांगणे विजयाच्या दिवसांत अवघड नसते. १९९७ मध्ये बारेसीनंतर मालदिनीकडे कर्णधारपद आले ते पडत्या काळात. १९९६-९७ मध्ये मिलान अकराव्या स्थानी घसरले होते, पुढच्या मोसमात दहाव्या. मालदिनी जागचा हलला नाही. १९९९ मध्ये लीग पुन्हा जिंकली आणि २००३ मध्ये मँचेस्टरला युव्हेंटसला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून त्याने युरोपचा चषक उंचावला. वडिलांनी इंग्लंडच्याच भूमीवर, मिलानच्याच कर्णधारपदी, तोच चषक उचलल्याला तेव्हा चाळीस वर्षे होत होती.

राष्ट्रीय संघाने मात्र त्याला रिक्तहस्तेच ठेवले. इटलीकडून १२६ सामने, १९९० ते २००२ दरम्यान चार विश्वचषक, १९९४ चे उपविजेतेपद, २००० मध्ये युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत जादा वेळेतील पराभव. २००२ मध्ये तो निवृत्त झाला आणि चारच वर्षांनी इटलीने विश्वचषक जिंकला.

पंचवीस मोसम, क्लबकडून ९०२ अधिकृत सामने, सात लीग विजेतेपदे, पाच युरोपियन चषक. त्याचा ६४७ लीग सामन्यांचा इटालियन विक्रम २०२० मध्ये गोलरक्षक बुफॉनने मोडला. युरोपियन चषकाच्या आठ अंतिम लढती तो खेळला. त्यांपैकी २००५ ची इस्तंबूलची लढत त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत चमत्कारिक म्हणावी लागेल. पहिल्याच मिनिटाला खुद्द मालदिनीने गोल केला, मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होते आणि तरीही लिव्हरपूलने बरोबरी साधून शूटआउटमध्ये चषक हिरावून नेला. २००७ मध्ये अथेन्सला त्याच लिव्हरपूलला २-१ असे हरवून परतफेड झाली, तेव्हा मालदिनी एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

इस्तंबूलचा पराभव आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. त्यानंतर संघाला जाब विचारणाऱ्या कट्टर पाठीराख्यांना कर्णधाराने खडसावले, आणि तेथून ‘कुर्वा सूद’ या प्रेक्षागृहातील संघटित गटांशी त्याचे बिनसले. तिकिटे आणि सवलतींच्या प्रश्नांवरही तो त्यांच्यापुढे झुकला नाही. त्याचा हिशेब चुकता करण्यासाठी या मंडळींनी नेमका दिवस निवडला. २४ मे २००९, सान सिरोवरील मालदिनीचा अखेरचा सामना, प्रतिस्पर्धी रोमा. मिलान २-३ ने हरले. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारू लागला, तेव्हा बहुतांश प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुर्वा सूदमधून मात्र शिट्ट्या आल्या. मैदानावर तू महान होतास, पण ज्यांनी तुला श्रीमंत केले त्यांचा तू मान राखला नाहीस, अशा आशयाचे फलक झळकले. बारेसीच्या ६ क्रमांकाची भव्य जर्सी पसरून, कर्णधार एकच, अशा घोषणाही दिल्या गेल्या. आपण त्यांच्यापैकी नाही याचा अभिमान वाटतो, हे मालदिनीचे उत्तर होते. क्लबने जाहीरपणे आपली बाजू घेतली नाही, ही खंत त्याने पुढे बोलून दाखविली.

आठवड्याभराने, ३१ मे रोजी, फ्लोरेन्समध्ये तो शेवटचा सामना खेळला. मिलानने फिओरेंतिनाला २-० ने हरविले. यजमान संघ पराभूत झाला असतानाही तेथील प्रेक्षकांनी उभे राहून मालदिनीला मानवंदना दिली. घरच्या मैदानावर जे निर्भेळपणे मिळाले नाही, ते परक्या गावाने दिले.

क्लबशी त्याचे नाते पुढेही असेच गोड-कडू राहिले. नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये, तो पदाधिकारी म्हणून परतला, २०१९ मध्ये तांत्रिक संचालक झाला, आणि २०२२ मध्ये मिलानने अकरा वर्षांनी लीग जिंकली त्यात खेळाडूंच्या निवडीचा त्याचा वाटा मोठा होता. जून २०२३ मध्ये मात्र नव्या मालकांनी त्याला दूर केले. २००९ मध्ये घोषणा देणारे निदान प्रेक्षागृहात होते. या वेळी निर्णय कार्यालयात झाला.

जर्सीबाबत एक अपवाद मान्य झालेला आहे. मालदिनीचा एखादा मुलगा मिलानच्या मुख्य संघात आला, तर त्याला ३ क्रमांक मिळू शकतो. थोरला ख्रिस्तियान क्लबच्या युवा संघात होता, पण मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. धाकटा डॅनिएल पोहोचला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने पदार्पण केले, आणि २०२१ च्या सप्टेंबरात स्पेझियाविरुद्ध लीगमधील पहिला गोल केला. २०२२ च्या विजेत्या संघातही तो होता. चेझारे, पाओलो, डॅनिएल अशा तीन पिढ्या मिलानकडून लीग विजेत्या झाल्या. पण डॅनिएल बचावपटू नव्हे, आघाडीचा खेळाडू. मिलानमध्ये त्याने आधी ९८ आणि नंतर २७ क्रमांकाची जर्सी घातली. पुढे तो दुसऱ्या क्लबांकडे गेला. ३ क्रमांकाची जर्सी त्याने घातलीच नाही.