पॅराग्लायडिंग : आकाशातून त्वरेने उतरण्याच्या पद्धती

पॅराग्लायडरला इंजिन नसते. स्थिर हवेत तो सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने खाली येतो; म्हणजे हजार मीटर उतरण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. हवाच वर चढत असेल, तर तो उतरण्याऐवजी वर जातो. एरवी हाच उड्डाणाचा आनंद असतो. मात्र वळवाचे ढग जमू लागले किंवा वारा अचानक वाढला, की तेच संकट ठरते. अशा वेळी त्वरेने उतरण्याच्या तीन प्रमुख पद्धती वापरल्या जातात.

छताला जोडलेल्या दोऱ्या पुढून मागे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा रांगांत असतात आणि वैमानिकाच्या खांद्यांजवळील रायझर नावाच्या पट्ट्यांना येऊन मिळतात. ‘बिग इअर्स’ या पद्धतीत ‘ए’ रांगेतील बाहेरच्या दोऱ्या ओढून छताची दोन्ही टोके दुमडली जातात. त्यानंतर पायाने स्पीड बार दाबल्यास पुढे जाण्याचा वेग टिकतो आणि छत स्टॉल होण्याचा धोका घटतो. दिशा शरीराचा भार एका बाजूला झुकवून बदलतात. उतरण्याची गती सेकंदाला साधारण दोन ते चार मीटर असते. ही पद्धत सर्वांत सौम्य असून उतरतानाच धोक्याच्या जागेपासून दूर जाता येते.

‘बी-लाइन स्टॉल’मध्ये दोन्ही ‘बी’ रायझर एकाच वेळी खाली ओढतात. छतावरील हवेचा प्रवाह तुटतो, पुढे जाणे जवळजवळ थांबते आणि ग्लायडर सेकंदाला सहा ते आठ मीटर गतीने खाली येतो. तोटा असा, की तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. रायझर सोडताना दोन्ही हात समान आणि झटपट वर न्यावे लागतात. काही आधुनिक छतांसाठी ही पद्धत वर्ज्य असते. म्हणून उत्पादकाची पुस्तिका आधीच वाचणे आवश्यक ठरते.

तिसरी पद्धत ‘स्पायरल डाइव्ह’. भार एका बाजूला झुकवून त्याच बाजूचा ब्रेक हळूहळू ओढला, की ग्लायडर आवर्तात शिरतो आणि सेकंदाला दहा ते वीस मीटर गतीने खाली येतो. पंधराच्या गतीने तीनशे मीटर अवघ्या वीस सेकंदांत सरतात. मात्र शरीराचा भार तिप्पट-चौपट झाल्यासारखा जाणवतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शुद्धही हरपू शकते. काही छते ब्रेक सोडल्यावरही आवर्तातून आपोआप बाहेर येत नाहीत. तेव्हा भार बाहेरच्या बाजूस झुकवून बाहेरचा ब्रेक ओढावा लागतो. तरीही आवर्त सुटले नाही, तर राखीव पॅराशूट हाच उपाय उरतो. एकदम बाहेर पडल्यास ग्लायडर जोराने वर उसळतो. म्हणून दोन-तीन फेऱ्यांत वेग ओसरू देत, जमिनीपासून काही शे मीटर उंच असतानाच बाहेर पडणे सुरक्षित असते. छताच्या कमी दोऱ्यांवर मोठा ताण येतो, म्हणून बिग इअर्स लावून स्पायरल करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

या तिन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. ढगाखाली हवा सेकंदाला सहा मीटर गतीने चढत असेल, तर चार मीटरने उतरवणारी पद्धत वैमानिकाला दोन मीटरने वरच नेते. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅनिला येथे एवा विश्निएर्स्का या जर्मन संघातील वैमानिकाला वादळी ढगाने ९,९४६ मीटर उंचीपर्यंत खेचून नेले. अर्ध्या तासाहून अधिक काळ बेशुद्ध राहूनही त्या बचावल्या. त्याच वादळात चीनच्या एका वैमानिकाचा मृत्यू झाला.

म्हणून पहिला उपाय उंची घटवण्याचा नसून चढत्या हवेतून आडवे बाहेर पडण्याचा असतो. उंची त्यानंतर कमी करायची. ढगाचा तळ काळवंडून रुंदावू लागला, की थांबून पाहण्याची वेळ संपलेली असते. या कौशल्यांचा सराव अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पाण्यावर, पुरेशा उंचीवर, जीवरक्षक जॅकेट, राखीव पॅराशूट आणि बचाव नौकेसह केला जातो. संकटात हात नकळत योग्य दोरीकडे वळतो, तो या सरावामुळेच.