बेत आणि माया

वसईच्या मोहिमेत यश मिळाले तर देवीचे मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, असे वज्रेश्वरीची परंपरा सांगते. १७३९ साली पोर्तुगीजांच्या हातून वसई गेली आणि भिवंडी तालुक्यातील या गावी गडासारखे तटबंदीचे मंदिर उभे राहिले. या घटनेकडे आपण तोफा आणि तह यांच्या अंगाने पाहतो. वस्त्राच्या अंगाने पाहत नाही. त्याआधी तीनच वर्षे, १७३६ मध्ये, गोव्यातील इन्क्विझिशनने स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली होती. तीत पुरुषांचे पुडवे होते, तशी स्त्रियांची चोळीही होती. माणसाने काय ल्यावे हा सत्तेचा विषय झाला होता. वसई भागातील आपल्या पूर्वज स्त्रिया मात्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ लुगड्या-चोळीतच मिस्साला येत राहिल्या.

लुगडे मागावरून उतरते तसेच नेसले जाते. त्याला कात्री लागत नाही. चोळीचा खण घरीच बेतला जाई. त्याचे माप कोठे लिहिलेले नसे. ते आईच्या वितीत असे आणि तेथून लेकीच्या हाती जाई. झग्याचे तसे नाही. गळा, मुंढा, बाही, घेर हे सारे निरनिराळे कापून मग जोडावे लागते. शिवण उसवता येते. चुकून कापलेले कापड पुन्हा सांधत नाही. म्हणून बेतण्याची विद्या शिंप्याकडे राहिली आणि गृहिणीच्या वाट्याला ठिगळ व काजे-बटण आले.

हे बंद दार एका पातळ कागदाने उघडले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाच्या गावी एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली कपड्यांचे कागदी नमुने विक्रीस काढले. कागदी नमुने त्यापूर्वीही होते; पण ते बहुधा एकाच मापाचे असत आणि लहानमोठे करण्याचे कौशल्य शिवणाऱ्याकडेच असावे लागे. बटरिकने प्रत्येक नमुना क्रमवार मापांत दिला. आरंभी पुरुषांचे व मुलांचे आणि १८६६ पासून स्त्रियांच्या पोशाखाचेही नमुने निघाले. कोठे जोडायचे ते भोके आणि खाचा यांनी दाखविलेले असे. पुढे १९२० च्या सुमारास रेषा आणि सूचना नमुन्यावरच छापल्या जाऊ लागल्या. कापडाच्या उभ्या धाग्यावर कागद मांडावा, टाचण्या लावाव्यात आणि कात्री चालवावी. शिंप्याची विद्या अशी घराघरांत पोहोचली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचे शिवणयंत्र आपल्या देशात रुजू लागले होते. नंतर उषा आले. महाराष्ट्रात झारापकर पद्धतीने अंगाच्या मापावरून आकृती आखण्याचे शिक्षण दिले. परदेशी पाकीट विकत घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. पण खाकी कागद किंवा जुने वर्तमानपत्र कोणाच्याही घरी असे. एकीचा नमुना दुसरी उतरवून घेई.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक निर्णयही येथे आठवावा. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप पायस दहावे यांनी आज्ञापत्र काढून प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. वेदीपुढे आता चिमुकली मुले उभी राहू लागली आणि त्यांच्यासाठी चिमुकले पांढरे झगे लागू लागले. वेदीपुढच्या रांगेत श्रीमंताची आणि मजुराची मुलगी एकसारखी दिसावी, हे शिंप्याची मजुरी न परवडणाऱ्या आईला त्या कागदामुळे साधता येऊ लागले. इतिहासाच्या पुस्तकांत या समतेची नोंद सहसा सापडत नाही.

लाभाबरोबर हानीही झाली, हे मान्य केले पाहिजे. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने विवाहात नेसलेला पांढरा पोशाख जगभर रूढ झाला, आपल्याकडेही आला, आणि वधूचे लुगडे मागे पडले. जे सत्तेच्या हुकुमाने घडले नव्हते ते आवडीने घडले. कागदावरची मापेही परक्या अंगाची होती.

परंतु आपल्या भाषेने त्या परक्या कागदाला एक शब्द दिला. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपण ‘माया’ म्हणतो. नमुना आजचे माप सांगतो. लेक उद्या वाढणार आहे हे आईला ठाऊक असते. म्हणून ती चार बोटे माया अधिक सोडते आणि तोच झगा पुढे धाकटीच्या अंगावर येतो. कापण्याला ‘बेतणे’ म्हणणाऱ्या भाषेत विचारपूर्वक आखणी आणि प्रेम ही दोन्ही एकाच शिवणीत येतात.

आज झगे तयार मिळतात, भाड्यानेही मिळतात. वज्रेश्वरीपासून जवळच भिवंडीचे यंत्रमाग कापड विणत आहेत. उणीव कापडाची नाही. तयार कपडा घेणे हे पाप नव्हे. मात्र यापो येथे टबीथा निवर्तली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला दाखविले ते तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना ध्यानात घ्यावे. आपल्या घरातील ट्रंकेच्या तळाशी आजीचे लुगडे आणि आईने कापलेला पिवळा पडलेला कागद असेल, तर तो रद्दीत घालू नये. त्यावर कोणाचे माप आहे ते विचारून घ्यावे आणि मागील बाजूस लिहून ठेवावे. आपल्या समाजाच्या इतिहासाचे तेही एक पान आहे.