घरांतील भट्टी आणि मुलांचे हात

धातूचें काम यावयाचें तर मुलानें लोहाराच्या, तांबटाच्या नाहीं तर कासाराच्या पोटींच जन्म घ्यावा लागतो, अशी समजूत हजारों वर्षें होती. आणि ती केवळ आपल्याकडेच होती असें नव्हे. युरोपांतहि बापाची ऐरण मुलाकडे जाई, किंवा परक्याचें मूल उस्तादाच्या घरीं सात-सात वर्षें करारानें बांधलें जाई. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ज्या पोरानें पाळण्यांतच मठारकामाचा ठोका ऐकला, त्याला हातोडा कसा धरावा हें कोणीं निराळें शिकविलें नाहीं. ज्याला तें शिकवावें लागतें तो मुलगा पांढरपेशाच्या घरांतला. पुस्तकें वाचणाऱ्या घरांत कानस, छिन्नी आणि भट्टी कशी शिरली, आणि बोटें व डोळे शाबूत राखून तीं मुलाच्या हातीं कशीं द्यावयाचीं हें शहाण्या माणसांना कसें उमगलें, याचा इतिहास जेमतेम दोनशें वर्षांचा आहे. तो मनोरंजक आहे, पण सर्वच ठिकाणीं सुखाचा नाहीं.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें यॉर्क प्लेस नांवाच्या रस्त्यावर अलेक्झांडर नॅस्मिथ हा नामांकित चित्रकार राहत असे. कवि रॉबर्ट बर्न्स याचें जें चित्र जिकडे तिकडे छापलेलें दिसतें तें याच्याच हातचें, १७८७ सालचें. परंतु हा गृहस्थ नुसता कुंचल्याचा धनी नव्हता. घरांतच त्यानें कामाची एक खोली ठेवली होती. तेथें पायानें फिरवावयाचा लेथ होता, काम घट्ट आवळून धरणारा शेगडा होता, आणि हत्यारें तर भरपूर होतीं. १८०८ सालीं जन्मलेला त्याचा मुलगा जेम्स याचें खरें शिक्षण या खोलींत झालें. शाळेशीं त्याचें सूत कधींच जमलें नाहीं. एका मास्तरानें तर कान धरून त्याचें डोकें भिंतीवर आपटलें होतें. अशा मास्तरापुढें बसण्यापेक्षां शेगड्यापुढें उभें राहणें कोणाहि मुलाला गोडच वाटणार.

जेम्स प्रथम सोबत्यांकरितां भोंवरे करूं लागला. पुढें पितळेच्या लहान तोफा आल्या. आणि त्याच्याहि पुढें त्यानें एक भलतेंच प्रकरण काढलें. तळघराच्या कुलुपाची पोकळ दांड्याची मोठी किल्ली घ्यावयाची, दांड्याला बारीक भोंक पाडावयाचें, आंत दारू ठासावयाची आणि ती उडवावयाची! सोबत्यांत या किल्ली-बंदुकीचा केवढा बोलबाला झाला असेल तें सांगावयास नको. आज एखाद्या घरीं हा उद्योग आढळला तर बाप प्रथम मुलाच्या हातचीं हत्यारें काढून घेईल, आणि तें योग्यच होईल. कारण किल्लीची नळी स्फोटाचा दाब सोसण्यासाठीं केलेली नसते, आणि ती फुटली म्हणजे तिचे तुकडे डोळे व बोटें पाहून उडत नाहींत.

चकमकीचा उद्योग मात्र निर्दोष होता. आगकाड्या अजून निघावयाच्या होत्या. घरोघर गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडीत. जेम्स जुन्या कानशींचे तुकडे करी, दगडाच्या चाकावर ते गुळगुळीत करी, आणि त्यांना पाणी देऊन चकमकीचीं उत्तम पोलादें बनवी. वर्गांतील मॉनिटराला असें एक पोलाद नजर केलें म्हणजे धडा म्हणून दाखविण्यांतून सुटका होत असे. लांच तो लांचच. तथापि त्या लांचाच्या निमित्तानें मुलगा जें शिकला तें त्या धड्यांत खास नव्हतें. पोलाद लाल तापवून पाण्यांत बुडविलें कीं तें कांचेसारखें कठीण, पण कांचेसारखेंच ठिसूळ होतें. मग तें घासून लखलखीत करून पुन्हां हलकेंच तापवावयाचें. त्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, नंतर तपकिरी, नंतर जांभळा, शेवटीं निळा. कोणत्या रंगाला थांबावयाचें हें ज्या त्या हत्याराच्या कामावर अवलंबून असतें. हें ज्ञान डोळ्यानें घ्यावें लागतें. तें कानानें घेतां येत नाहीं.

एका शाळासोबत्याच्या बापाचा लोखंडाचा ओतकारखाना होता. शनिवारीं सुट्टी झाली कीं जेम्स तेथें जाऊन बसे. नुसता बसत नसे. कामगार त्याला हाताशीं घेत, सांचे करूं देत, भट्टीजवळ उभें करीत. पुढें त्यानें आपल्या निजावयाच्या खोलींतच पितळ ओतण्यास आरंभ केला. तो भल्या पहांटे उठे, आणि वाळू ठासतांना होणारा आवाज खालच्या खोलींत निजलेल्या वडिलांना ऐकूं जाऊं नये म्हणून सांच्याच्या पेटीखालीं जाड गालिच्याचा तुकडा घाली. अशा रीतीनें केलेल्या एका लहान वाफेच्या यंत्रावर वडिलांचे तैलरंग घोटले जाऊं लागले. यंत्रांचे नमुने करून विकावे आणि त्या पैशांतून एडिंबरोच्या स्कूल ऑफ आर्ट्स या १८२१ सालीं निघालेल्या संस्थेची फी भरावी, असा त्याचा क्रम चालला. १८२९ सालीं तो लंडनला हेन्री मॉड्सले या यंत्रकारांच्या गुरूकडे गेला तो हातीं आपलें यंत्र आणि आपली चित्रें घेऊन. आणि मॉड्सलेनें त्याला जवळ ठेवून घेतलें. १८३९ सालीं वाफेच्या घणाची कल्पना ज्यानें कागदावर उतरविली तो जेम्स नॅस्मिथ हाच. पुढें म्हातारपणीं त्यानें आत्मचरित्र लिहिलें. धातूचें ज्ञान बोटांच्या टोकांतूनच आंत शिरतें, आणि हातमोजे घालून कारखान्यांत येणाऱ्या नाजूक तरुणाला तें कधींच मिळत नाहीं, अशा अर्थाचा टोमणा त्यानें त्यांत मारला आहे.

नॅस्मिथचें उदाहरण मुलांपुढें ठेवणारे लोक एक गोष्ट सोडून देतात. निजावयाच्या खोलींत पितळ ओतणें ही जिवाशीं गांठ होती. सांच्याची वाळू जरा अधिक ओली राहिली तर पाण्याची सुमारें सोळाशें पट वाफ होते आणि तप्त रस वर उसळतो. शिवाय पितळेंत जस्त असतें. शुद्ध जस्त ९०७ अंश सेंटिग्रेडवर उकळतें, आणि पितळ वितळावयास जवळ जवळ तेवढीच उष्णता लागते. म्हणून मुशींतून पांढरा धूर निघतो. तो छातींत गेला म्हणजे कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो. ओतारी लोकांना हा ताप पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नॅस्मिथ सुखरूप राहिला त्यांत त्याच्या हुषारीइतकाच दैवाचाहि वांटा होता, असें म्हणणें प्राप्त आहे.

आतां याच काळांतील दुसरीं मुलें पाहावयाचीं. इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टनजवळ विलनहॉल नांवाचा गांव आहे. कुलुपें, किल्ल्या आणि कड्या-बिजागऱ्या यांकरितां तो प्रसिद्ध. तेथें मोठे कारखाने नव्हते. घराच्या मागील अंगणांत लहान लहान उस्तादांच्या खोपटांत काम चाले, आणि प्रत्येक उस्तादाकडे उमेदवार पोरें असत. मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यासाठीं पार्लमेंटच्या मागणीवरून १८४० सालीं जें कमिशन नेमलें गेलें त्याच्यातर्फे रिचर्ड हेन्री हॉर्न हा लेखक या गांवीं गेला. धंद्यांतील मुलांविषयींचा कमिशनचा अहवाल १८४३ सालीं प्रसिद्ध झाला. कोंवळ्या वयापासून दिवसाचे कितीतरी तास शेगड्यापुढें एकाच बाजूला वांकून कानस मारल्यामुळें मुलांचे खांदे व पाठी वांकड्या झालेल्या त्यानें नोंदविल्या. मारहाण तर होतीच, आणि अन्नाचीहि आबाळ होती. डिझरेलीनें आपल्या १८४५ च्या ‘सिबिल’ कादंबरींत कुलुपें करणाऱ्या गांवाचें जें भयंकर वर्णन केलें त्याला आधार याच माहितीचा.

यॉर्क प्लेसमधील मुलगा आणि विलनहॉलमधील मुलगा यांच्या हातीं कानस सारखीच होती. दोघेहि घराच्या आडोशालाच काम करीत. एकाला त्या कानशीनें यंत्रकार केलें, दुसऱ्याला कुबड दिलें. फरक हत्याराचा नव्हता. जेम्सला कंटाळा आला कीं तो कानस खालीं ठेवूं शकत होता. विलनहॉलच्या पोराला ती मुभा नव्हती. हस्तव्यवसायाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकानें हा अहवाल एकदां वाचावा.

शाळांनीं हा विषय हातीं घेतला तो यानंतर. फिनलंडांत ऊनो सिग्नेयस याच्या आग्रहानें १८६६ च्या कायद्यांत प्राथमिक शाळांतील मुलांना हस्तव्यवसाय आवश्यक ठरला. मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयाचा चालक व्हिक्टर डेला-व्होस यानें १८६८ च्या सुमारास निराळीच युक्ति काढली. वस्तु करावयास न सांगतां त्यानें कामाचेच तुकडे पाडले: आधीं सपाट कानस मारणें, मग काटकोन साधणें, मग छिन्नीनें तोडणें. एक साधल्यावांचून दुसरें नाहीं. १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत हे नमुने पाहून अमेरिकन लोक थक्क झाले, आणि १८८० सालीं सेंट लुई येथें कॅल्व्हिन वुडवर्डची शाळा उघडून तेथें चौदा वर्षांवरील मुलें सुतारकामावरून लोहारकामाकडे आणि तेथून यंत्रशाळेकडे चढूं लागलीं. पद्धत मोठी काटेकोर. पण निरुपयोगी तुकडे कानशीत बसण्यांत मुलाचें मन कितीसें रमणार? स्वीडनमधील नॅस येथें ऑटो सॉलोमन शिक्षकांना ‘स्लॉइड’ शिकवीत असे, त्यानें हा दोष ओळखला. त्याची प्रत्येक वस्तु घरीं नेऊन वापरतां येईल अशी असे. पहिलें हत्यार म्हणून तो सुरी देई, कारण ती खेड्यांतील प्रत्येक मुलाच्या ओळखीची. काम करतांना शरीर कसें ठेवावें याकडे त्याचें लक्ष फार असे. लाकडापुरतें हें सर्व ठीक होतें. धातु मात्र त्याच्या शाळेंत मागेंच राहिली.

आपल्या इकडे मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि बडोद्यास १८९० सालीं कलाभवन निघालें. पण तेथें जाणारे तरुण पोट भरण्याची विद्या शिकावयास जात. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेनें सात वर्षांच्या मुलापासून सर्वांच्या शिक्षणाच्या मध्यभागीं हस्तव्यवसाय ठेवावा असें ठरविलें. शहरांतील सुशिक्षितांनीं त्या टकळीची थट्टाच अधिक केली. ऐरण तर त्यांच्या ओसरीपर्यंत कधीं पोंचलीच नाहीं.

घरांत निर्धास्तपणें करतां येईल असें धातूचें काम शोधून काढण्याचें श्रेय चार्लस गॉडफ्रे लीलंड या अमेरिकन लेखकाला पुष्कळसें द्यावें लागेल. १८८१ सालीं त्यानें फिलाडेल्फियांत सरकारी शाळांतील मुलामुलींकरितां हस्तकलेचे वर्ग चालू केले. त्यांत पितळेच्या पातळ पत्र्यावर उठावाचें काम असे. त्याला भट्टी नको, लेथ नको. एक हातोडी, बोथट तोंडाचे चार ठसे आणि बैठकीला राळ किंवा लाकूड. या कल्पनेवरून इंग्लंडांत १८८४ सालीं गृहकलांची एक संस्था निघाली. त्याच वर्षीं सरोवरांच्या प्रदेशांतील केझिक गांवीं रॉन्सली या धर्मोपदेशकानें व त्याच्या पत्नीनें रात्रीचा वर्ग काढला. १८९० सालीं न्यूलिन बंदरांत जॉन मॅकेंझी या चित्रकारानें कोळ्यांच्या पोरांना, वादळामुळें होड्या किनाऱ्याला बसल्या म्हणजे, तांब्याचें काम शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या पत्र्यांवर मासे आणि गलबतें उमटलीं, तीं आज संग्राहक शोधीत फिरतात. केझिकची शाळा १९८४ पर्यंत चालली.

तांबें मुलाला क्षमा करणारा धातु आहे. ठोकतां ठोकतां तें कठीण होत जातें. आपले तांबट शेवटच्या मठारण्यानें भांड्याला बळकटी आणतात ती यामुळेंच. पण फार कठीण झालें तर मंद लाल तापवून पाण्यांत टाकावें, कीं तें पुन्हां मऊ. पोलाद ज्या पाण्यानें ताठ होतें त्याच पाण्यांतून तांबें नरम होऊन बाहेर येतें! एवढें एक नवल स्वतःच्या हातानें पाहिलेला मुलगा पदार्थविज्ञानाचें पुस्तक निराळ्या डोळ्यांनीं उघडतो.

लिव्हरपूलचा कारकून फ्रँक हॉर्नबी यानें याहूनहि सोपा मार्ग काढला. आपल्या दोन मुलांसाठीं त्यानें घरच्या हत्यारांनीं पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखीं भोंकें पाडलीं, आणि मळसूत्रांनीं त्या जोडून क्रेन केली. १९०१ सालीं त्याला पेटंट मिळालें. १९०७ पासून तें खेळणें ‘मेकॅनो’ या नांवानें जगभर गेलें. मुलें पूल बांधूं लागलीं, पण पट्टी कापण्याचें व घासण्याचें काम मात्र बापाकडे, आणि पुढें कारखान्याकडे राहिलें.

मोटारी आल्या तशी घरांत त्यांच्याकरितां स्वतंत्र खोली आली, आणि पश्चिमेकडील मध्यमवर्गाच्या गॅरेजांत एका भिंतीला बांक व शेगडा बसले. नॅस्मिथच्या बापाची खोली अशी पुन्हां अवतरली. मात्र तिच्यांत एक नवा शत्रु होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या ज्योतीपर्यंत जाते. म्हणून जेथें मोटार किंवा पेट्रोलचा डबा राहतो तेथें भट्टी किंवा दिवटी पेटवावयाचीच नाहीं. तापविण्याचें काम उघड्या अंगणांत. बाकीचे नियम जुन्या अपघातांनींच लिहिले आहेत. शेगड्याचें तोंड मुलाच्या कोपराच्या उंचीला असावें. उंच असेल तर मुलाच्या पायांखालीं भक्कम फळी द्यावी. कानशीला मूठ बसविल्याशिवाय ती हातांत देऊं नये, कारण तिची टोंकदार शेपूट तळहातांत घुसते. छिन्नीचें डोकें ठोकून फुलासारखें पसरलें असेल तर तें आधीं घांसावें. त्याचेच कपचे डोळ्यांत उडतात. डोळ्यांवर चष्मा मुलाच्याहि हवा आणि पाहणाऱ्याच्याहि. भोंक पाडतांना पत्रा हातानें धरूं नये. टोंचा आरपार जातांना तो पत्र्याला गरकन् फिरवितो आणि पत्रा सुरीसारखा कापतो. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, मोकळे केस आणि हातमोजे वर्ज्य. येथें नॅस्मिथचा टोमणा अगदीं शब्दशः लागू पडतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवूं नये. आणि लोखंडाची लाली गेली म्हणजे तें थंड झालें असें मुळींच समजूं नये. काळें दिसणारें लोखंडच अधिक हात भाजतें, म्हणून बांकावरचा प्रत्येक तुकडा आधीं सांडशीनेंच उचलावयाचा.

नवशिक्यासाठीं तळहाताएवढी तांब्याची एक चकती पुरे. तिच्या कडा कानशीनें घासून बोथट करावयाच्या, लाकडाच्या ठोकळ्यांत कोरलेल्या खळग्यावर ती ठेवून बाहेरून आंत गोल गोल ठोकत यावयाचें. तासाभरांत वाटी होते. ती वांकडी होते, आणि घरांत ती कोणी दुसऱ्याला वापरूं देत नाहीं.